पाशाचा कान : जतन व अभिवृद्धी

सबुरीने जग जिंकता येते, असे सर्व थोर पुरुष सांगून गेले आहेत. ते सांगताना त्यांच्यापैकी एकालाही कैरोतल्या सरकारी खिडकीपुढे उभे राहावे लागले नव्हते, ही गोष्ट वेगळी. तरीही सबुरी ही मोठी चीज आहे यात शंका नाही, आणि ती आम्हा कैरोकरांइतकी कोणाला कळलेली नाही यातही नाही. आमच्याकडे सबुरीला 'सब्र' म्हणतात, आणि जाड पानांच्या, पाण्यावाचून तग धरणाऱ्या रोपालाही तेच नाव आहे. हे रोप आम्ही दाराच्या चौकटीवर उलटे टांगतो, म्हणजे घराला दृष्ट लागत नाही. आणि कबरीवर लावतो, म्हणजे आतल्या माणसाला वाट पाहणे सोपे जाते. दार आणि कबर यांच्या मधल्या काळात ते गॅलरीत वाढवायचे असते. त्यासाठी आमचे मंडळ आहे.

मंडळाचे नाव 'सब्रमित्र मंडळ, हेलिओपोलिस'. मी, वसफी, त्याचा उपचिटणीस. चिटणीस कोणी नाही (शेवटचे चिटणीस मुलाकडे कॅनडाला गेले, ते राजीनामा द्यायचा विसरले), तेव्हा 'उप' हे अक्षर माझ्या नम्रतेखातर आहे असे समजावे. सभा औषधाच्या दुकानावरच्या खोलीत भरते. सभासदांपैकी निम्म्यांना मधुमेह आहे, तीन चतुर्थांशांना रक्तदाब आहे आणि सर्वांना मते आहेत.

मंडळाला घटना आहे. मंडळाच्या कुंड्यांत जेवढी कलमे नाहीत तेवढी मंडळाच्या घटनेत आहेत, असे माझी बायको इन्शिराह म्हणते. ती सभासद नाही. घटनेचा गाभा मात्र साधा आहे. रोप विकायचे नाही, कारण आपण दुकानदार नव्हे. आणि रोप मागायचे नाही, कारण आपण भिकारीही नव्हे. मग फुटवा एका गॅलरीतून दुसऱ्या गॅलरीत जातो कसा, असा प्रश्न नवख्याला पडतो. तो सहसा जात नाही, हे त्याचे उत्तर. पण गेलाच तर त्याची रीत ठरलेली आहे.

पाहुण्याने रोपासमोर उभे राहून आधी 'माशाअल्लाह' म्हणावे आणि मग स्तुती करावी. (माशाअल्लाह न म्हणता स्तुती केली आणि पुढे रोप कुजले, तर नैतिक जबाबदारी पाहुण्याची.) त्यावर यजमानाने म्हणावे, "घ्या ना, आपलंच आहे." पाहुण्याने म्हणावे, "छे छे, ते तुमच्याकडेच शोभतं." असे तीनदा व्हावे. त्यानंतर यजमानाने चाकू उचलला तर आमंत्रण खरे. त्याने कॉफीचा ट्रे उचलला तर ते नावाड्याचे आमंत्रण.

नावाड्याचे आमंत्रण म्हणजे असे की, नदीच्या ऐन मध्यावर नाव हाकणारा नावाडी भाकरीचे गाठोडे सोडून बसतो आणि काठावरच्या लोकांना हात करून ओरडतो, "या जेवायला!" मध्ये केवढे पाणी आहे हे त्यालाही दिसते आणि काठावरच्यालाही. काठावरचा छातीवर हात ठेवून आभार मानतो, नावाडी पोटभर जेवतो, आणि दोघांचीही इज्जत राहते. आमचे सगळे शहर या पाण्यावर उभे आहे. टॅक्सीवाला भाडे घेण्यापूर्वी "राहू द्या हो" म्हणतो, न्हावी म्हणतो, खाटीक म्हणतो. त्यावर विश्वास ठेवून चालता झालेला माणूस अजून जन्माला यायचा आहे, आणि आला तरी तो फार चालणार नाही.

खरे आमंत्रण कोणते आणि नावाड्याचे कोणते, हे ओळखण्यात माझा हात धरणारा मंडळात कोणी नव्हता. लोक मला बाजूला घेऊन सल्ला विचारीत. यजमानाच्या भुवया, आवाजाची पट्टी, दाराकडे पडलेले पाऊल, यांवरून मी क्षणात निकाल देई. तो एकदाही चुकला नाही. अर्थात माझ्या निकालानंतर कोणी घेऊन पाहिलेच नाही, त्यामुळे चुकण्याची संधी त्याला मिळाली नसावी.

आता मुख्य विषयाकडे वळतो. आमच्या मंडळाचे अध्यक्ष बहगत बे, म्हणजे तुमच्या भाषेत बहगतराव, यांच्याजवळ 'पाशाचा कान' नावाचे सब्र होते. बोटभर जाडीची पाने, कडेला कानाच्या पाळीसारखी दुमडलेली, त्यावर सायीच्या रंगाचे पट्टे, आणि टोकाला लाली, जणू शाळामास्तराने नुकतेच पिळून सोडले आहे. ते कुठून आले याबद्दल दोन मते होती. एका मतानुसार ते एका पाशाच्या बागेतून आले, दुसऱ्या मतानुसार एका ग्रीक कप्तानाने ते पत्त्यांच्या डावात गमावले. बहगत बे यांना विचारले तर ते म्हणत, "आजोबांच्या नावेत होतं." यावर आम्ही हसत असू. बे मोठे विनोदी होते, असे आमचे मत होते.

देशात या जातीचे एकच झाड होते. ते मला हवे होते. का हवे होते, हे इन्शिराहने मला पुष्कळदा विचारले आणि मी तिला रंगाच्या पट्ट्यांविषयी सांगितले. खरे कारण हेच की ते दुसऱ्या कोणाकडे नव्हते. ज्या वस्तूचा काही उपयोग नाही तिच्यासाठी माणूस जसा झुरतो तसा पोटच्या पोरासाठीही झुरत नाही, आणि मी तर झुरण्यात मूळचाच हुशार.

दर शुक्रवारी नमाजानंतर आमच्यापैकी कोणीतरी एकजण बे यांच्याकडे जाई. गर्दी करायची नाही असा अलिखित नियम होता. बे निवृत्त पाटबंधारे इंजिनियर, लग्न केले नव्हते, विधवा बहीण तफीदा हानिम, म्हणजे तफीदाबाई, यांच्यासह राहात. गॅलरीत नेऊन खुर्ची देत. मी माशाअल्लाह म्हणे. ते म्हणत, "वसफी, घे ना, आपलंच आहे. मनापासून सांगतो." आता, 'मनापासून सांगतो' हे शब्द ज्या आमंत्रणात आहेत ते नावाड्याचेच असते, हा तर माझा पहिला सिद्धान्त. मी म्हणे, "छे छे, ते तुमच्याकडेच शोभतं." असे तीनदा झाले की बे नीट माझ्याकडे पाहात, सुस्कारा टाकत, आणि कॉफी करायला आत जात.

या कॉफीविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. बे ती स्पिरिटच्या दिव्यावर करीत. ज्योत करंगळीएवढी. तेवढ्या वेळात आमच्याकडे मसूर शिजतात. सभासदांत या कॉफीची कुचेष्टा चाले. डॉक्टर लबीब, आमचे दंतवैद्य सभासद, म्हणत की त्या वेळात आपण अख्खी कवळी बसवून देऊ. मदाम ओदेत म्हणत की पहिल्यांदा कॉफी सांगितली तेव्हा माझे केस काळे होते.

एका शुक्रवारी मी असाच गॅलरीत एकटा बसलो होतो. आत दिवा जळत होता. आणि माझी नजर कुंडीच्या काठावर गेली. तिथे पाशाच्या कानाचा एक फुटवा सुटा पडला होता. तुटलेल्या जागी सुरेख खपली धरली होती. ज्यांना या शास्त्राची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो: ओला फुटवा खिशात घातला तर कुजतो. आठवडाभर सावलीत ठेवून जखमेवर खपली धरू द्यावी लागते, मगच तो रुजतो. हा अगदी तयार होता. निसर्गाची योजना पाहा, असे मला वाटले. जो फुटवा आपण होऊन आईपासून सुटला, आपण होऊन सावलीत पडला आणि आपण होऊन बरा झाला, त्याला तिथेच वाऱ्यावर सोडणे ही माणुसकी नव्हती. मी त्याला रुमालात घेतले. याला चोरी म्हणणारे लोक असतात. मंडळाच्या परिभाषेत याला स्थलांतर म्हणतात.

त्यानंतर बे कॉफी घेऊन आले. कपावरची फेसाची साय जराही मोडली नव्हती. "आज छान जमली," ते म्हणाले. त्यांना माझ्याकडे पाहून फार आनंद झालेला दिसला. मला वाटले, कॉफीचाच.

घरी आणल्यावर प्रश्न निघाला की ठेवायचे कुठे. गॅलरीत ठेवले तर समोरच्या इमारतीतून कर्नल शौकत, आमचे खजिनदार, दुर्बिणीने पाहतात. (ते पक्षी पाहतात. हेलिओपोलिसमध्ये कावळे आहेत.) शेवटी मी पांढऱ्या चीजच्या डब्याला भोके पाडली आणि पाशाचा कान न्हाणीघरामागच्या उजेडाच्या बोळकांडीत, कपडे धुण्याच्या यंत्राच्या मागे ठेवला. तिथे इमारतीतल्या सगळ्यांच्या तळलेल्या माशांचा वास येतो. रोप जोमाने वाढले.

"म्हणजे इतकी वर्षं जीव टाकलास तो हे बोळात ठेवायला?" इन्शिराह म्हणाली.

मी म्हटले की दुर्मिळ वस्तूचा आनंद आतल्या आत घ्यायचा असतो.

"तसा मूतखड्याचाही घेतात," ती म्हणाली, आणि कपडे वाळत घालू लागली.

तिचे काही चुकले नव्हते. दाखवता येत नाही अशा दुर्मिळ वस्तूइतकी निरुपयोगी वस्तू जगात नाही. मी रात्रंदिवस त्याच्या सुखात होतो आणि मला एक क्षण चैन नव्हते. संशय टाळावा म्हणून मी मंडळात एक निबंध वाचला, 'पाशाच्या कानाची अभिवृद्धी अशक्य का आहे'. त्यात हे झाड मूळ जागेवरून हलवल्यास जगत नाही, असे मी निर्विवाद सिद्ध केले. विरोध होईल अशी मला धास्ती होती. पण डॉक्टर लबीब घाईघाईने उठले आणि त्यांनी मला जोरदार अनुमोदन दिले. मदाम ओदेत यांनी तर स्वतःहून दोन पुरावे जोडले. कर्नल टाळ्या वाजवत होते. देशात या जातीचे एकच झाड असून एकच राहील, असा ठराव एकमताने संमत झाला. मंडळाच्या इतिहासात एकमताने झालेला हा एकमेव ठराव. अध्यक्षस्थानी बहगत बे होते. ते सगळ्यांकडे पाळीपाळीने पाहात होते आणि हातरुमालाने डोळे पुसत होते. भावना अनावर झाल्या असाव्यात, अशी नोंद मी केली.

पुढच्या हिवाळ्यात बे आजारी पडले. मी भेटायला गेलो. ते गॅलरीतच घोंगडी गुंडाळून बसले होते आणि कुंडी त्यांच्या मांडीजवळ होती. दिवा पेटवलेला नव्हता.

"वसफी, ही कुंडी घेऊन जा," ते म्हणाले. "अख्खी."

"छे छे बे, ती तुमच्याकडेच शोभते. अल्लाह तुम्हाला आयुष्य देवो."

"एका गॅलरीत रोप किती दिवस टिकणार? गॅलरीवाला टिकेल तेवढेच. उचल. जड नाही."

मी त्यांच्या भुवया पाहिल्या, आवाजाची पट्टी पाहिली. पाय घोंगडीत असल्यामुळे पाऊल दिसले नाही. सगळा हिशेब करून मी छातीवर हात ठेवला आणि आणखी दोनदा नाही म्हटले. मला माझ्या सभ्यतेचा त्या दिवशी फार अभिमान वाटला. बे यांनी कुंडी स्वतःकडे थोडी ओढून घेतली आणि आम्ही हवेविषयी बोललो.

त्यानंतरच्या आठवड्यात ते गेले. समाचाराला आम्ही सगळे गेलो, ओळीने खुर्च्यांवर बसलो, कुराण ऐकले, साखर नसलेली कॉफी प्यालो, आणि एकेक करून गॅलरीत हवा खायला जाऊन आलो. कुंडी जागेवर होती. तफीदा हानिम तिला भावाची आठवण म्हणून रोज तांब्याभर पाणी घालत होत्या. सब्रला रोज पाणी घालणे म्हणजे त्याला नाईलमध्ये नेऊन बुडवणे. आमच्यातल्या प्रत्येकाला ते दिसले, पण शोकाच्या घरी रोपाविषयी बोलणे वाईट दिसते. पंधरवड्यात पाशाचा कान मुळापासून कुजला. मंडळाने दोन शोकठराव केले. रोपाचा अधिक लांब होता.

आता देशात एकच पाशाचा कान उरला होता आणि तो माझ्या बोळकांडीत होता. जे मी आयुष्यभर मागितले ते मला मिळाले होते. मला झोप लागेना.

"बे यांचा चाळिसावा दिवस येतोय," एके दिवशी इन्शिराह म्हणाली. "त्यांच्या कबरीवर नेऊन लाव."

"लोकांना कळेल मग माझ्याकडे होता."

"मग लोक येण्याआधी जा. सगळं मीच सांगू का?"

एक फुटवा घरी राखून (मी दुःखी होतो, वेडा नव्हतो) चाळिसाव्याच्या सकाळी मी चीजचा डबा पिशवीत घालून मुकत्तम डोंगराच्या पायथ्याच्या कबरस्तानात गेलो. बे यांच्या घराण्याचे आवार उघडेच होते. आत कबरीच्या उशाशी डॉक्टर लबीब उकिडवे बसले होते आणि कवळीच्या प्लॅस्टिकच्या डबीतून काढून काहीतरी मातीत दाबत होते. मला पाहून ते उभे राहिले. त्यांच्या बुटामागे पाशाचा कान होता.

"माशाअल्लाह," मी म्हटले. "हे कुठून आलं?"

"उगवलंय," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या पिशवीत काय आहे?"

मी शुरेक आहेत म्हणून सांगितले. चाळिसाव्याला गरिबांना वाटायला हे गोड पाव नेतात. पण शुरेकला सायीच्या रंगाचे कान फुटून पिशवीबाहेर येत नसतात. आम्ही दोघे मुकत्तमकडे पाहू लागलो. मग मदाम ओदेत आल्या, त्यांच्या हातात चॉकलेटची पेटी होती. मग कर्नल आले, टोपी हातात उलटी धरून, जपून चालत. आम्ही आपापला पाशाचा कान लावला. ती जमीन थोडी होती आणि कान पुष्कळ होते.

तेवढ्यात तफीदा हानिम टोपली घेऊन आल्या. त्यांनी कबरीवरची रांग पाहिली. आमच्या हातांची माती पाहिली.

"आली का सगळी?" त्या म्हणाल्या.

डॉक्टर लबीब यांनी घसा साफ केला. ते म्हणाले की हानिम, त्याचे असे झाले, एक फुटवा सुटा पडला होता.

"सुटा पडायला ते काय आंबा आहे, डॉक्टर? बहगतच तोडून ठेवायचा, शनिवारीच. शुक्रवारपर्यंत खपली धरावी म्हणून. तुमच्या खिशात कुजू नये म्हणून. आणि मग स्वयंपाकघरात येऊन दिव्याची ज्योत कमी करायचा आणि दाराआडून विचारायचा, तफीदा, बघ गं, घेतलं का? मी म्हणायची, अजून रुमाल शोधतायत."

मी म्हणालो की आम्हाला वाटले, बे नुसते म्हणतात. तोंडदेखले. नावाड्यासारखे.

तफीदा हानिम टोपली खाली ठेवून कबरीच्या कठड्यावर बसल्या. त्यांना राग आलेला नव्हता, आणि आला असता तर बरे झाले असते.

"आमचे आजोबा नावाडीच होते, दमिएत्ताला," त्या म्हणाल्या. "या जेवायला म्हटलं की नाव काठाला लावायचे. लोकच पळून जायचे. शेवटी आजोबा भाकरी काठावर ठेवून पाठ करून बसायला लागले." मग त्यांनी टोपलीतला पहिला शुरेक काढून माझ्यापुढे धरला. "घ्या, वसफी."

माझा हात सवयीने छातीकडे गेला. अर्ध्या वाटेत मी तो थांबवला आणि शुरेक घेतला. देशात मनापासून 'घ्या' म्हणणारा एकच माणूस होता, त्याची अभिवृद्धी आम्ही होऊ दिली नव्हती, आणि मी त्याला तीनदा नाही म्हणून आलो होतो.

मंडळाची हकीकत थोडक्यात अशी. पाशाचा कान सगळ्यांकडे आहे असे उघड झाल्यावर तो दुर्मिळ राहिला नाही. सभासदांचे त्यावरचे प्रेम महिन्याभरात उतरले. सध्या सर्वजण मदाम ओदेत यांच्या एका करड्या, केसाळ रोपाकडे नजर लावून आहेत. मदाम सगळ्यांना "घ्या ना, आपलंच आहे" म्हणतात आणि ट्रे उचलतात. मला सल्ला विचारायला लोक येतात. मी आता निकाल देत नाही.

माझा पाशाचा कान मी बोळकांडीतून काढून पुढच्या गॅलरीत ठेवला आहे. त्याला फुटवे येतात आणि मी येईल त्याला ते देऊ करतो. शेजाऱ्याला म्हटले, इस्त्रीवाल्याला म्हटले, विमा उतरवणाऱ्याला म्हटले. सगळे चांगल्या घरचे लोक, सगळे छातीवर हात ठेवतात.

आणि आता तुम्ही. तुम्ही आलात, इतका वेळ बसलात, माझे सगळे ऐकून घेतलेत. मघापासून तुमची नजर गॅलरीत जाते आहे, तेही मी पाहिले. तेव्हा घ्या ना एक, आपलंच आहे. मनापासून सांगतो.

नको?

अहो, खरेच घ्या.

बरे, राहिले. निदान कॉफी तरी घ्याल. इन्शिराहला त्रास नको, मीच करतो. माझ्याकडे स्पिरिटचा दिवा आहे, त्यामुळे जरा वेळ लागतो. कुंडीच्या काठावर एक फुटवा सुटा पडला आहे, खपली धरलेला. तिकडे लक्ष देऊ नका. मी आत आहे.